दक्षिण गोव्यातली आपली साळ नदी एकट्या हॉटेलांनी घाण केली नाही. पटत नसेल तर बोला.

साळकाठचा :
चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आदल्या रात्री साडेअकराला आमच्या साकवावर, म्हणजे छोट्या पुलावर, मैल्याचा टँकर उभा होता. दिवे बंद, जाडा पाइप कठड्यावरून खाली नदीत सोडलेला. हटकल्यावर ड्रायव्हर शांतपणे म्हणाला, "काका, तुमच्याच वाड्यावरचं आहे." खोटं नव्हतं. दुपारीच शेजाऱ्यांनी संडासाची टाकी उपसून घेतली होती. पैसे दिले, झाकण लावलं, विषय संपला. गेल्या वर्षी मीही तेच केलं होतं.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2018 मध्ये देशभरातले 351 प्रदूषित नदीपट्टे जाहीर केले. त्यात एवढ्याशा गोव्याचे 11, आणि गोव्यातल्यांत सर्वांत वाईट खारेबांद ते मोबोर, म्हणजे आपली साळ. तिच्या काठाला मोठे कारखाने किती? घरं मोजा. आपण सगळं बिल हॉटेलवाल्यांच्या नावावर फाडतो.

बाणावलीची नात :
काका, चार माणसांचं घर आणि दोनशे खोल्यांचं हॉटेल एकाच तराजूत घालता? आमची आजी साळीत उतरून तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायची. तिसऱ्या पाणी गाळून जगतात, त्यामुळे पाण्यातली घाण आधी त्यांच्या पोटात आणि मग आपल्या ताटात. आता मी त्या विकत घेतानासुद्धा कुठल्या पाण्यातल्या ते विचारते, तर नुस्तेकारीण (मासेवाली) माझ्यावरच डाफरते. हे शेजाऱ्यांच्या संडासाने झालं? परवाने देणाऱ्यांना सोडून तुम्ही वाड्यालाच झोडपताय.

कुळागरवाला :
दक्षिणेकडच्यांना घाण पाणी म्हणजे फक्त मैला वाटतो. इकडे उत्तरेला, खाणींच्या डिचोलीला या. 2012 मध्ये खाणी थांबल्या, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 88 लीजांचं (खाणपट्ट्यांचं) नूतनीकरण रद्द केलं, पण टाकाऊ मातीचे डोंगर तिथेच. मोठा पाऊस झाला की शेतात लाल राड. ती सुकली की वर कवच धरतं, नांगराचा फाळ घसरतो. आणि तुमची ती यादी बीओडीवर, म्हणजे सेंद्रिय घाणीवर बेतलेली आहे. लिटरमागे 3 मिलिग्रॅमच्या वर गेला की पट्टा प्रदूषित. गाळ त्यात मोजलाच जात नाही. ओपाला पिण्याचं पाणी उचलतात ती खांडेपार नदीसुद्धा त्या 11 मध्ये आहे, गाळ न धरता!

साळकाठचा :
गाळाचं मान्य. पण खाण बंद करायला न्यायालय लागलं. टँकरवाल्याकडे मैला कुठे रिकामा केला त्याची पावती मागायला काय लागतं?

बाणावलीची नात :
कसली पावती? तो म्हणेल, दुसरा टँकर बघा.

प्लंबर मडगाव :
मी रोज यातच हात घालतो म्हणून बोलतो. सिवरेज लाइन दारासमोर येऊनही लोक जोडणी घेत नाहीत, आणि दर वेळी तो आळस नसतो. जुन्या घरांचे संडास मागे, लाइन पुढे रस्त्यात. उतार मिळवायला अख्खं घर खणावं लागतं. परवा एका म्हातारीने तुळशीसमोरून पाइप नेऊ दिला नाही, मी तरी काय बोलणार? त्यामुळे जोडणीचा घरातला खर्चही सरकारने उचलावा. आणि टँकर सांडपाणी शुद्धीकरण प्रकल्पात रिकामा केल्याचा शिक्का दाखवल्याशिवाय मालकाने पैसे द्यायचे नाहीत. एका घराने मागून काही होणार नाही. पंचायतीने ठराव करून सगळ्या वाड्याला लावावं.

कुळागरवाला :
पंचायत! टँकर कुणाच्या मेव्हण्याचा असतो ते आधी बघा.

बाणावलीची नात :
ते काही असो, आमच्या घराला यात धरू नका. आमची टाकी तीस वर्षांत एकदाही भरली नाही, टँकर कधी बोलवावाच लागला नाही.

प्लंबर मडगाव :
ताई, न भरणारी टाकी म्हणजे बहुतेक वेळा तळ नसलेला खड्डा. आपला चिरा, म्हणजे जांभा दगड, सच्छिद्र, सगळं पाझरून जातं. विहीर किती लांब आहे?

बाणावलीची नात :
बारा पावलं. आत्ताच मोजून आले. उताराच्या बाजूला.