भंडारदऱ्यासाठी दोन रात्री हव्यात

जूनच्या पहिल्या आठवड्यात आई-वडिलांना घेऊन मुंबईहून भंडारदऱ्याला एक रात्र जावे, असा आपला बेत आहे. माझ्या मते तेथे दोन रात्री राहावे, कारण कसारा घाट चढून घोटीमार्गे पोहोचेपर्यंत पहिल्या दिवसाचा बराचसा भाग प्रवासातच जातो.

आपण निवडलेला काळ काजव्यांचा आहे. पावसाच्या तोंडावर तेथील झाडे रात्री अक्षरशः लुकलुकतात. मात्र शनिवारी-रविवारी अरुंद रस्त्यावर गाड्यांची इतकी रांग लागते की त्यांच्या दिव्यांपुढे काजवे फिके पडतात, म्हणून शक्य असल्यास सोमवार-मंगळवार निवडावा आणि बॅटरीचा झोत झाडांवर टाकू नये. विल्सन धरण १९२६ साली पूर्ण झाले; त्याने प्रवरेचे पाणी अडवून तयार झालेला जलाशय या दिवसांत खूप खाली गेलेला असतो, तेव्हा छायाचित्रांतल्या तुडुंब तळ्याची अपेक्षा ठेवू नये. (आमची झाली होती निराशा.)

वडिलांच्या गुडघ्यांचा विचार करता १६४६ मीटर उंचीचे कळसूबाई शिखर सोडून द्यावे. त्याऐवजी रतनवाडीचे अमृतेश्वर मंदिर पाहावे. गाडी जवळपर्यंत जाते आणि दगडी कोरीवकाम पाहण्यात सकाळ सहज सरते. जेवणाची वर्दी गावातल्या घरी आदल्या दिवशीच द्यावी आणि रोख रक्कम जवळ ठेवावी.