संगणक तापतो आणि आपोआप रीस्टार्ट होतो: मदरबोर्ड बदलावाच लागेल का?

अकोलेकर:
नमस्कार. आमच्या घरी 2015 साली असेंबल करून घेतलेला डेस्कटॉप आहे. इंटेलचा चौथ्या पिढीचा आय-5 प्रोसेसर, त्याच्यासोबत आलेलाच फॅन, 8 जीबी रॅम आणि 450 वॉटचा एसएमपीएस (संगणकाच्या सगळ्या भागांना वीज पुरवणारा डबा). वेगळे ग्राफिक्स कार्ड नाही, यूपीएसही नाही. एप्रिलपासून तो चालता चालता रीस्टार्ट होऊ लागला आहे. मुलगी त्यावर प्रवेशपरीक्षेचे सराव-पेपर सोडवते. परवा पेपर संपायला चाळीस मिनिटे उरली असताना तो पूर्ण बंदच पडला आणि पुढची दहा मिनिटे बटण दाबूनही सुरू झाला नाही. कॅबिनेटच्या मागच्या बाजूला हात धरवत नाही इतकी गरम हवा येते. मार्चमध्ये एका दुकानातून आतली धूळ काढून घेतली होती आणि थर्मल पेस्टही (प्रोसेसरवरचा उष्णता वाहून नेणारा लेप) बदलून घेतली होती. आता तेथे मदरबोर्ड गेल्याचे सांगतात, म्हणजे त्याच्यासोबत प्रोसेसर आणि रॅमही नवीन घ्यावी लागणार. एवढा खर्च करण्यापूर्वी घरी काय तपासता येईल?

जुना हार्डवेअरवाला:
आपल्या वर्णनात दोन वेगळ्या तक्रारी आहेत आणि त्या एकत्र केल्या तर निदान चुकेल. प्रोसेसर फार तापला की आधी स्वतःचा वेग कमी करतो; तरीही तापमान वाढत राहिले तर स्वतःला वाचवण्यासाठी वीजपुरवठा तोडायला लावतो, आणि मग संगणक बंद पडतो. थंड होईपर्यंत सुरू न होणे याच्याशी जुळते. याउलट, क्षणार्धात पडदा काळा होऊन लगेच पुन्हा सुरू होणे हे बरेचदा वीजपुरवठ्यातील दोषाचे लक्षण असते.

म्हणून प्रथम मोजमाप करा. एचडब्ल्यूइन्फोसारखा मोफत प्रोग्राम चालू ठेवून तापमानाची नोंद फाइलमध्ये जतन होईल अशी सोय करा, म्हणजे संगणक बंद पडला तरी शेवटचा आकडा हाती राहील. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ‘कर्नल-पॉवर 41’ अशी नोंद सापडेल. तिचा अर्थ फक्त एवढाच की संगणक रीतसर बंद झाला नव्हता. ती पाहून कोणी मदरबोर्ड गेल्याचे ठरवले असेल तर ते घाईचे आहे.

अकोलेकर:
आभारी आहे. काल दुपारी नोंद घेतली. काहीही काम चालू नसताना तापमान 79 अंश होते; व्हिडिओ सुरू करताच ते 98 वर गेले आणि तेथेच राहिले. फॅन फिरतो आहे, आवाजही नेहमीचाच आहे.

विद्युत विभागातला वाचक:
पेस्ट नुकतीच बदललेली आहे, फॅन चालू आहे आणि तरी रिकाम्या अवस्थेत 79 अंश, याचा अर्थ हीटसिंक (फॅनखालचा, उष्णता ओढून घेणारा धातूचा पात्यांचा भाग) प्रोसेसरवर नीट टेकलेली नाही. तक्रार सफाईनंतरच सुरू झाली, हेही लक्षात घ्या. इंटेलच्या त्या फॅनला चार कोपऱ्यांत चार प्लॅस्टिकच्या पिना असतात. त्यांच्या डोक्यावरील बाणाच्या दिशेने पिन फिरवली की ती सुटते. म्हणून बसवताना चारही डोकी बाणाच्या उलट दिशेला पूर्ण फिरवलेली हवीत आणि समोरासमोरच्या पिना जोडीने, ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत दाबायला हव्यात. एक जरी पिन अर्धवट राहिली तर हीटसिंक एका बाजूने उचलली जाते. केबल काढून, बाजूचे झाकण उघडून प्रत्येक पिन हलकेच वर ओढून पाहा. हीटसिंक काढावी लागली तर जुनी पेस्ट पुसून नवीन लावल्याशिवाय ती परत बसवू नका.

विदर्भातली एक गोष्ट येथे सांगायलाच हवी. डेझर्ट कूलरच्या झोतात कॅबिनेट ठेवण्याची चूक अनेक घरांत होते. कूलरच्या ओलसर हवेमुळे हीटसिंकच्या पात्यांमध्ये धुळीचा थर चिकटून बसतो आणि तो नुसत्या ब्लोअरने निघत नाही. ब्लोअर वापरतानाही फॅनचे पाते बोटाने धरून ठेवावे.

अकोलेकर:
आपले निदान बरोबर निघाले. मदरबोर्डच्या कडेकडील एक पिन बोट लावताच वर आली. पेस्ट पुसली तर ती एका बाजूला दाबून पसरलेली आणि दुसऱ्या बाजूला लावली तशीच जाड होती. पुन्हा बसवल्यावर रिकाम्या अवस्थेत 46 आणि व्हिडिओ चालू असताना 67 अंश. बंद पडणे थांबले आहे. मात्र आज सकाळी तो एकदा रीस्टार्ट झाला आणि त्या वेळची शेवटची नोंद 58 अंशांची आहे.

जुना हार्डवेअरवाला:
म्हणजे दुसरी तक्रार उष्णतेची नव्हतीच. त्याच क्षणी घरात मोठे उपकरण सुरू झाले होते का, हे आठवून पाहा. आपल्याकडील विजेचे एक आवर्तन 20 मिलिसेकंदांचे असते. धडधाकट एसएमपीएस जवळजवळ तेवढा खंड पोटात घालतो. वर्षानुवर्षे गरम हवेत राहून त्याचे कॅपॅसिटर (वीज साठवून ठेवणारे सुटे भाग) कमकुवत झाले की दिवा मिचकावण्याइतका विजेचा दाब उतरला तरी संगणक रीस्टार्ट होतो. एसएमपीएस स्वतः उघडू नका, कारण केबल काढल्यावरही आत धोकादायक विद्युतभार साठलेला असतो. ओळखीच्या कोणाचा चांगला एसएमपीएस दोन दिवस जोडून पाहणे, ही खात्रीची चाचणी आहे.

अकोलेकर:
पाण्याचा पंप! सकाळी नळ आल्यावर आम्ही तो लावतो आणि ट्यूबलाइट क्षणभर मंद होते. धाकट्या भावाच्या संगणकाचा एसएमपीएस तीन दिवस जोडून ठेवला आणि मुद्दाम सात-आठ वेळा पंप चालू-बंद केला; एकदाही रीस्टार्ट झाला नाही. आमचा जुना परत लावताच दुसऱ्या वेळी झाला. नवीन एसएमपीएस आणला आहे आणि कॅबिनेट कूलरच्या झोतातून काढून भिंतीपासून वीतभर पुढे ठेवले आहे. मदरबोर्ड आणि प्रोसेसर जुनेच आहेत. काल पंप चालू असताना मुलीने तीन तासांचा पेपर पूर्ण सोडवला. तापमान 71 च्या वर गेले नाही.