साडेसहा महिन्यांच्या बाळाला अंडं: घरची गावठी अंडी, गालावर इसब आणि पुढ्यात श्रावण

केळशीची_माय विचारते:

बाळ साडेसहा महिन्यांचं. मान पक्की, टेकूने बसतं. नाचणीचं सत्त्व, मऊ भात, मुगाचं कढण नीट घेतं. आता अंडं सुरू करायचं आहे. गालांवर आणि कोपराच्या घडीत अधूनमधून इसब येतो, मलम लावलं की बसतो. अंडी घरच्या गावठी कोंबड्यांची. सासूबाई म्हणतात आधी नुसतं बलक, पांढरं वर्षानंतर. किती द्यायचं, कसं शिजवायचं, आणि वावडं आलं तर ओळखायचं कसं? रुग्णालय गाडीने पाऊण तासावर आहे. शिवाय श्रावण लागला की गणपती होईपर्यंत घरात अंडं शिजत नाही. आता सुरू करू की गणपतीनंतर?

---

पेज_मेतकूट:

आधी शिजवण्याचं सांगते, कारण निम्मी सुरक्षितता तिथेच आहे. अंड्यावर दोन बोटं पाणी राहील एवढ्या पाण्यात अंडं ठेवा आणि पाणी खळखळ उकळू लागल्यापासून 12 मिनिटं मोजा. गावठी अंडं लहान असलं तरी वेळ कमी करू नका. पांढरं घट्ट आणि बलक मधोमध कोरडं, पिठूळ दिसलं पाहिजे. बलकाभोवती हिरवट कडी आली तर घाबरू नका, ती लोह आणि गंधकाची असते, अपाय नाही. इतकं शिजवण्याची कारणं दोन. साल्मोनेला जंतू मरतात, आणि पांढऱ्यातलं ओव्हाल्ब्युमिन हे प्रथिन उष्णतेने मोडून सौम्य होतं. ओव्होम्युकॉइड नावाचं दुसरं प्रथिन मात्र उष्णतेला बरंच टिकतं, म्हणून शिजवलेलं अंडंही थोडं थोडंच वाढवायचं.

पहिल्या दिवशी बलक आणि पांढरं एकत्र कुस्करून त्यातलं मापाच्या चहाच्या चमच्याचं पाव, म्हणजे साधारण हरभऱ्याच्या दाण्याएवढं घ्या. बलक कोरडं टाळूला चिकटतं आणि पांढरं रबरासारखं असतं, म्हणून दोन्ही गाळणीतून दाबून काढा आणि आईच्या दुधात किंवा उकळून कोमट केलेल्या पाण्यात सैल करा. मग दोन चमचे मऊ भातात मिसळा. वाटीभर पेजेत घालू नका. बाळाने अर्धी वाटी टाकली तर पोटात किती अंडं गेलं हे कळतच नाही. चमच्याच्या टोकाने थोडं चाटवा, 10-15 मिनिटं थांबा, काही झालं नाही तर उरलेलं द्या. पुढचे दोन तास बाळ डोळ्यांसमोर हवं.

दोन दिवसांनी अर्धा चमचा, मग एक, मग दोन. पचतंय असं दिसलं की आठवड्यात दोन-तीन वेळा मिळून एक लहान अंडं पोटात जाईल असं बघा. त्या दिवसांत दुसरा नवा पदार्थ नको. मुडदुशी मासा, शेंगदाणा, गहू नंतर, एकेक करून.

सासूबाईंचं म्हणणं निराधार नाही, तो पूर्वीचा सल्ला आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2000 साली, ॲलर्जीचा धोका असलेल्या मुलांना दोन वर्षांपर्यंत अंडं देऊ नये असं सांगितलं होतं. उशीर करून ॲलर्जी टळते याला आधार सापडेना, म्हणून 2008 साली तो सल्ला मागे घेतला. ॲलर्जी आणणारी मुख्य प्रथिनं पांढऱ्यात असतात. तेच वर्षभर लांबवलं तर लवकर सुरू करण्याचा फायदाच जातो. घरात वाद नको असेल तर पहिले एक-दोन घास बलकाचे द्या, पण त्याच आठवड्यात पांढरं आणा.

मीठ, साखर, मध वर्षापर्यंत नको. कच्चं अंडं दुधात फेटून देण्याची पद्धत काही घरांत आहे, ती तर कुठल्याच वयाच्या मुलासाठी नको.

---

रात्रपाळी (बालरोग विभागात परिचारिका):

वरच्याशी सहमत. फक्त इसब आहे म्हणून पहिला घास देण्याआधी डॉक्टरांना त्वचा दाखवा. सौम्य आणि मलमाने बसणारा इसब असेल तर बहुतेक वेळा घरीच सुरू करायला सांगतात. पण इसब अंगभर असेल, पाणी सुटत असेल, किंवा कुठल्याही पदार्थाने आधी अंगावर गांधी उठल्या असतील, तर पहिला घास दवाखान्यातच. इसब आहे म्हणून अंडं लांबवणं मात्र उलट पडतं. जपानमध्ये इसब असलेल्या बाळांना सहाव्या महिन्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोडी देऊन पाहिली. 2017 साली त्याचे निष्कर्ष आले. वर्षाच्या वयाला अंड्याची ॲलर्जी पूड न घेतलेल्यांत 38 टक्के आणि घेतलेल्यांत 8 टक्के होती. त्या बाळांचा इसबही सोबतीने नीट आटोक्यात ठेवला होता, हे विसरू नका.

त्याचं कारण असं की फुटलेल्या त्वचेतून अंड्याचे कण आत गेले तर शरीर त्यांना शत्रू समजायला शिकतं, पोटातून गेले तर सोसायला शिकतं. म्हणून आधी मलम लावून त्वचा शांत करा. अंडं हाताळल्यावर साबणाने हात धुऊनच बाळाला तेल लावा, आणि घरात कुणी केसांना अंडं लावत असेल तर बाळाला त्यापासून दूर ठेवा. भरवण्याआधी ओठांभोवती व्हॅसलिनचा पातळ थर द्या. अंडं नुसतं कातडीला लागूनही तोंडाभोवती लाली येते. ती तेवढ्यापुरतीच राहून अर्ध्या तासात उतरली तर बहुधा ॲलर्जी नसते.

काय बघायचं: काही मिनिटांपासून दोन तासांपर्यंत अंगावर गांधी, ओठ-पापण्या सुजणं, उलटी. यातलं काही दिसलं तर अंडं थांबवा, डॉक्टरांना दाखवा, आपल्या मनाने पुन्हा देऊन बघू नका. घरघर, सतत खोकला, आवाज घोगरा होणं, बाळ पांढरंफटक किंवा मलूल पडणं, यात एक क्षण थांबायचं नाही. 108 ला फोन करा, बाळाला आडवं ठेवा, खांद्यावर उभं धरू नका, तोंडाने काही देऊ नका. यावर औषध म्हणजे मांडीत दिलेलं ॲड्रेनॅलिन; सर्दी-खाजेच्या औषधाने ते काम होत नाही. उतार पडला तरी काही तासांनी त्रास उलटू शकतो, म्हणून दाखवून लगेच घरी आणू नका.

आणखी एक प्रकार लोकांना ठाऊक नसतो. अंडं खाल्ल्यावर एक ते चार तासांनी एकामागून एक उलट्या, बाळ निपचित, पण अंगावर एकही गांधी नाही. याला अन्नातून विषबाधा समजतात. तीही ॲलर्जीच असू शकते. तेव्हाही रुग्णालय गाठा, आणि तिथे अंडं कधी दिलं हे आठवणीने सांगा.

रुग्णालय पाऊण तासावर आहे, म्हणून पहिले चारही घास सकाळी, घरात गाडी असेल त्या दिवशी. ताप-सर्दीत, लस दिली त्या दिवशी, किंवा धोपाव्याच्या फेरीबोटीने खाडीपलीकडे जायचं असेल तेव्हा नाही.

---

खुराडा:

गावठी अंड्याने ॲलर्जी कमी होते असं नाही, प्रथिनं तीच. स्वच्छतेकडे मात्र जास्त लक्ष हवं. पावसात खुराडं ओलं राहतं आणि कवचाला विष्ठा लागते. अंडी रोज गोळा करा, पण धुऊन ठेवू नका. धुतलं की कवचावरचं नैसर्गिक आवरण जातं आणि जंतू आत शिरतात. उकडायच्या आधी धुवा, मग हात धुवा. तडकलेलं अंडं बाळाला नको. खुडूक कोंबडीखालचंही नको.

पाण्यात घालून बघा: तळाशी आडवं बसलं तर ताजं, उभं राहिलं तर जुनं, तरंगलं तर टाका. यातून फक्त वय कळतं, जंतू नाही कळत. आजचंच अंडं सोलताना पांढरं कवचाला चिकटून निघतं. चार-पाच दिवसांचं नीट सोलतं.

वीज जाते त्या दिवसांत उकडलेलं अंडं फ्रिजच्या भरवशावर ठेवू नका. बाळाचा वाटा काढा, उरलेलं मोठ्यांनी लगेच खावं.

---

केळशीची_माय:

मनापासून आभार. श्रावणाचं तेवढं सांगा. आणि काही पाव-बिस्किटांत अंडं असतं, त्यापासून सुरुवात केली तर?

---

पेज_मेतकूट:

बिस्किट-केकमध्ये अंडं पिठासोबत बराच वेळ भाजलं जातं, त्यामुळे त्याचा जोर कमी होतो. ते पचलं म्हणून उकडलेलं पचेलच असं नाही. साखरही फुकट जाते पोटात. उकडलेलंच द्या.

श्रावणाबद्दल माझं स्पष्ट मत: डॉक्टरांनी होकार दिला तर आत्ताच सुरू करा, पण मध्ये थांबवू नका. पचलेलं अंडं आठवड्यांमागून आठवडे बंद ठेवलं तर शरीराची सवय मोडू शकते. बाळाला उपास नसतो, हे सासूबाईंना पटेल. वेगळं पातेलं, वेगळा चमचा, हवं तर मागच्या पडवीतल्या चुलीवर अंडं उकडा. तेवढंही घरात चालणार नसेल, तर अर्धवट सुरू करण्यापेक्षा गणपतीनंतर सुरू करा आणि मग सोडू नका. तोवर इसब आटोक्यात ठेवा.

आठ-नऊ महिन्यांना दोन्ही बाजूंनी कोरडं भाजलेल्या ऑम्लेटच्या बोटाएवढ्या पट्ट्या हातात देता येतील, किंवा नाचणीच्या घावनाच्या पिठात अंडं फेटून.

---

रात्रपाळी:

नऊ महिने पूर्ण झाले की गोवर-रुबेलाची लस येईल. अंड्याची ॲलर्जी निघाली तरी ती लस देता येते. नर्सताईंना ॲलर्जीचं सांगा, पण त्या कारणाने लस चुकवू नका.