मदत हवी आहे: हरलेला डाव मुलीबरोबर कसा बघायचा?

मंडळी, मुलगी ९ वर्षांची, दोन वर्षं बुद्धिबळ शिकतेय. मला सोंगट्या कशा चालतात यापलीकडे काही येत नाही, हे आधीच सांगते.

मागच्या महिन्यातल्या स्पर्धेत प्रत्येकाला ९० मिनिटं आणि चालीमागे ३० सेकंद जादा होते. आमच्या बाईसाहेब २० मिनिटांत बाहेर! एक हत्ती जास्त होता. पण राजासमोरची तिन्ही प्यादी जागची हललेली नव्हती. समोरच्याचा हत्ती पहिल्या ओळीत घुसला आणि मात.

घरी लिचेसवर (बुद्धिबळाची वेबसाइट) डाव भरून एंजिन, म्हणजे चाली तपासणारा प्रोग्रॅम लावलं, तर चुकांच्या प्रश्नचिन्हांची रांगच. "इथे असं का खेळलीस?" मी एवढंच विचारलं (बरं, तीनदा विचारलं), तर तिने लॅपटॉप मिटला. आता जिंकलेल्या डावांचे नोटेशनचे (चाली लिहिलेले) कागद फ्रिजवर लागतात, हरलेले दप्तराच्या तळाशी चुरगळलेले सापडतात. सर क्लासमध्ये बघतात, पण पंधरा मुलांत किती बघणार? डाव त्याच दिवशी बघावा का? एंजिन लावावं का? आणि मला खेळ येत नसताना मी यात पडावं का?

प्रतिसाद:
नक्की पडा. खेळ येत नाही हे उलट बरंच आहे. तिलाच शिकवू द्या. त्या दिवशी जेवण आणि झोप, डाव दुसऱ्या दिवशी, तोही खऱ्या पटावर आणि एंजिन बंद ठेवून. "का खेळलीस" ऐवजी "तेव्हा काय दिसत होतं?" असं विचारून बघा. आमचा मुलगा मग आपणहून म्हणायचा, "मी त्याचा उंट बघितलाच नाही."

आणि तुमचा खरा रोग घड्याळात दिसतोय. दर पाच चालींनी उरलेला वेळ नोटेशनच्या कागदावर लिहायला सांगा, नियमांत चालतं. चूक नेमकी किती सेकंदांत खेळली गेली, ते तिलाच दिसेल.

प्रतिसाद:
एंजिनला एवढं वाळीत टाकू नका. लिचेसवर विश्लेषण झालं की चुकीच्या आधीची स्थिती पुन्हा मांडून चांगली चाल शोधायला लावायची सोय आहे. मुलं ती कोडी म्हणून सोडवतात. फक्त फुकट गेलेली सोंगटी आणि न दिसलेली मात एवढंच घ्या, एंजिन दाखवतं ते अर्ध्या प्याद्याएवढे किरकोळ फरक सोडून द्या. एका डावातून एकच गोष्ट. तुमच्या डावातली आयती आहे: राजाला पळायला खिडकी ठेवायची, म्हणजे कडेचं प्यादं एक घर पुढे.

धागाकर्ती:
आभार! काल पट मांडला. पंधराव्या चालीला म्हणाली, "आई, इथे मला वाटलं मी जिंकलेच." नंतरच्या चाली भराभर मारल्या होत्या म्हणे. खिडकीचं सांगितलं, तर आता प्रत्येक डावात तिसऱ्याच चालीला ते प्यादं पुढे ढकलतेय. याचं काय करू?