टर्बो ऑटोमॅटिक: उभ्या गाडीचा पिकअप नेमका कुठे अडतोय?

मागचीचाकं

मंडळी, आता माझं डोकं चालेनासं झालंय, म्हणून धागा काढतेय.

गाडी दोन दारांची, सेकंडहँड घेतलेली. ३ लिटरचं सहा सिलिंडर इंजिन, एक टर्बो (एक्झॉस्टच्या वाऱ्यावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), ३४० हॉर्सपॉवर, ५०० न्यूटन-मीटर टॉर्क. आठ गिअरचा ऑटोमॅटिक, टॉर्क कन्व्हर्टरवाला (इंजिन आणि गिअरबॉक्स तेलातून जोडणारा), ताकद मागच्या चाकांना. लाँच कंट्रोल (उभी गाडी कॉम्प्युटरनेच जोरात सोडायची सोय) नाही. कंपनी म्हणते ताशी ० ते १०० किमीला ४.५ सेकंद. माझा आजवरचा सगळ्यात चांगला आकडा ५.६.

मोजलंय ते बंद ट्रॅकवर, सपाट पट्टीवर, जीपीएस बॉक्स लावून. त्यामुळे ‘रस्त्यावर असले उद्योग नकोत’ हा प्रतिसाद टंकायचे कष्ट वाचवा.

होतं काय, तर ब्रेकवरून पाय उचलून अ‍ॅक्सिलरेटर तळाला टेकवला की गाडी आधी आवंढा गिळते. अर्धा सेकंद काहीच नाही. मग आरपीएमची सुई ३०००च्या आसपास गेली की टर्बो एकदम जागा होतो, मागची चाकं फिरतात, ट्रॅक्शन कंट्रोलचा (चाकं घसरू न देणाऱ्या यंत्रणेचा) पिवळा दिवा फडफडतो आणि कुणीतरी मागून कॉलर धरल्यासारखी गाडी दबते. त्यातून सावरली की मात्र सुसाट.

० ते ३० ला २.० सेकंद, ३० ते १०० ला ३.६. मैत्रिणीकडे हेच मॉडेल आहे, तिचे आकडे १.३ आणि ३.२.

ट्यूनिंगवाला म्हणतो रीमॅप करा (इंजिनाच्या कॉम्प्युटरचं सेटिंग बदलून ताकद वाढवा) आणि मोठा इनटेक (हवा आत घेणारा पाइप) बसवा. करू का?

फुलथ्रॉटल

करा की. ३४० चे ४०० होतील, ५०० चा टॉर्क ६०० होईल. टर्बो गाडीला रीमॅपसारखा स्वस्त उपाय नाही. माझ्या गाडीला केला, ८० च्या पुढे नुसती उडते.

सुईकाटा

८० च्या पुढे उडते म्हणताय, आणि त्यांची तक्रार ३० च्या आतली आहे!

मागचीचाकं, तुमचे आकडे तुम्हीच नीट बघा. मैत्रिणीपेक्षा १.१ सेकंद मागे आहात, त्यातले ०.७ ताशी ३० च्या आत गेले. पुढे ३० ते १०० च्या टप्प्यात फक्त ०.४. इंजिन मेलेलं असतं तर उलटं दिसलं असतं.

एक मात्र तपासा. दोघींच्या बॉक्सचं सेटिंग सारखं आहे का? ‘एक फूट रोलआउट’ चालू असेल तर गाडी पहिले ३० सेंटिमीटर सरकल्यावर घड्याळ सुरू होतं आणि ०.३ सेकंदाच्या आसपास फुकट मिळतात. अमेरिकन मासिकांचे आकडे बहुधा असेच असतात. लोक ते आपल्या आकड्यांशी ताडून बघतात आणि उगीच झोप उडवून घेतात.

मागचीचाकं

तपासलं. दोघींचंही बंद आहे. म्हणजे ०.७ खरेच आहेत. :(

तेलकट_हात

गिअरबॉक्स उघडण्यात आयुष्य गेलं, म्हणून जरा लांबण लावतो. ताई, रीमॅपचे पैसे सध्या राहू द्या.

आधी एक हिशेब. तुमच्या जातीच्या आठ गिअर बॉक्समध्ये पहिल्या गिअरचं गुणोत्तर साधारण ४.७ असतं, मागच्या डिफरन्शियलचं (चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरचं) ३.१५ धरू. इंजिनाचे ५०० न्यूटन-मीटर या दोन्हींनी गुणा, वाटेतली गळती दहा टक्के वजा करा, चाकाची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. जमिनीवर जोर येतो सुमारे २०,००० न्यूटन. आता टायरला किती झेपतं? ड्रायव्हरसकट गाडी १६०० किलो, निम्मी मागे, म्हणजे ८००. सुटताना वजन मागे झुकतं, ते १७० किलोच्या आसपास. झाले ९७०. टायरची ग्रिप ०.९ धरली तर झेपतात साधारण ८,५०० न्यूटन.

म्हणजे टायर ४३ टक्के टॉर्कलाच तुडुंब भरतो. आणि कन्व्हर्टर उभ्या गाडीत टॉर्क जवळपास दुप्पट करतो, तो मी धरलेलाच नाही. तो धरला तर पहिल्या क्षणी इंजिनाचे शंभर-सव्वाशे न्यूटन-मीटर पुरेत. तेवढे तुमचं ३ लिटर इंजिन टर्बो झोपलेला असतानाही देतं.

मग अडतंय कुठे? टर्बो उशिरा येतो हे खरं दुखणं नाही. तो उशिरा आणि सगळा एकदम येतो, हे दुखणं आहे. तुमचा पाय तळाला टेकून मोकळा झालेला असतो. बूस्ट, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेचा दाब, येतो तेव्हा तो आवरायला पायात काही उरत नाही. चाक फिरतं, मग कॉम्प्युटर इंजिनाचा गळा दाबतो. तो सैल सोडेपर्यंत तुमचा अर्धा सेकंद गेलेला असतो. रीमॅप करून ६०० आणलेत तर हेच जास्त जोरात होईल.

यावर उपाय म्हणजे बूस्ट आधी थोडा बोलवून ठेवायचा. डावा पाय ब्रेकवर घट्ट, उजव्याने हळूहळू रेस द्यायची. अशी की सुई १८००-२००० वर स्थिर राहील. टर्बोला फिरायला एक्झॉस्टचा वारा लागतो, आणि इंजिनाला झुंजायला ओझं मिळालं की तो वारा तयार होतो. न्यूट्रलमध्ये नुसती रेस दिलीत तर आवाजापलीकडे हाती फारसं काही लागत नाही. बूस्टचा काटा ०.३ बारच्या आसपास उभा राहिला की ब्रेक एका झटक्यात सोडा, पण उजवा पाय लगेच तळाला नको. गाडी स्वतःच्या लांबीइतकी पुढे गेली की मग टेकवा. लिंबू पिळतो तसं, चढत्या जोराने.

आणि हे धरून ठेवणं दोन सेकंदांच्या वर नको. २२०० आरपीएम आणि २०० न्यूटन-मीटरवर गाडी अडवून धरलीत तर ४६ किलोवॅट उष्णता होते. चाकं उभी आहेत, ती जाणार कुठे? कन्व्हर्टरच्या तेलात. तिथे तीन-साडेतीन लिटर तेल असेल तर ते सेकंदाला सात-आठ अंशांनी तापतं. वर्कशॉपमध्ये स्टॉल टेस्ट (ब्रेक धरून रेस देऊन घेतलेली चाचणी) करतानाही पाच सेकंदांची मर्यादा असते, ती उगीच नाही.

काही गाड्या दोन्ही पेडल एकदम दाबले की थ्रॉटलच कापतात. तुमची कापत असेल तर हा उपाय विसरा.

मागचीचाकं

काका, इथे एक कबुली द्यायची राहिली. ब्रेक धरून रेस द्यायचा प्रकार मी केलाय. मोजून दहाएक सेकंद धरायचे, जास्त बूस्ट साठेल म्हणून. तिसऱ्या वेळी समोर ‘गिअरबॉक्स गरम’ असा मेसेज आला आणि गाडी तिसऱ्या गिअरच्या वर जाईना. खाली उतरले तर करपट वास. आणखी एक, दोन-तीन वेळा असं केल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं झालं.

टायरला अजून भरपूर नक्षी आहे, ५ मिलिमीटर. त्यामुळे टायरचा संशय मला तरी येत नाही.

तेलकट_हात

दहा सेकंद! अहो, बूस्ट ही काही पाण्याची टाकी नाही, भरून ठेवायला. ब्रेक सोडल्यावर इंजिनाने जे मागितलं तेच मिळतं. काटा एकदा स्थिर झाला की पुढचा प्रत्येक सेकंद फक्त तेल तळतो.

पेडल दगड झालं ते व्हॅक्यूम संपल्यामुळे. बूस्टमध्ये असताना इंजिन ब्रेकच्या बूस्टरला (पायाचा जोर वाढवणाऱ्या डब्याला) व्हॅक्यूम देत नाही. पेडल एकदाच दाबा आणि धरा, पंप करत बसू नका.

टायरची नक्षी नको, तारीख सांगा. बाजूच्या भिंतीवर चार आकडे असतात. पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष.

मागचीचाकं

बाहेरच्या बाजूला ते आकडे दिसेनात. शेवटी गाडीखाली पालथी पडून, मोबाइलचा दिवा लावून आतली बाजू पाहिली. चिखल नखाने खरवडला, तेव्हा सापडले. उजवा मागचा १११८. डावा मागचा ३९१५. म्हणजे दोन्ही जुने, आणि जोडीसुद्धा नाही. नख रोवून पाहिलं तर रोवलं जाईना, आणि खोबणीच्या तळाशी केसासारख्या भेगा. घेताना बघायला हवं होतं. गाडीचा रंगच बघत बसले.

सुईकाटा

ते रबर नाही, दप्तराच्या तळाशी राहिलेला खोडरबर आहे. खोडत नाही, नुसता घसरतो.

तेलकट_हात यांच्याच हिशेबात गुरुत्वमध्य ५० सेंटिमीटर उंच आणि दोन अ‍ॅक्सलमधलं अंतर २.७ मीटर धरून पुढे मोजलं. मागे ५० टक्के वजन असलेल्या गाडीला ग्रिप ०.९ असेल तर इंजिन कितीही ताकदीचं लावा, ० ते १०० ला ५.२ सेकंदांच्या खाली येत नाही. ग्रिप १.१ झाली की तीच मर्यादा ४.१ होते. कंपनीच्या ४.५ साठी मुळात १ च्या किंचित वर ग्रिप लागते. तुमच्या टायरवर तो आकडा कुणालाही निघाला नसता.

उन्हाळी रबराचे टायर घ्याल तर ७ अंशांच्या खाली तेही कडक होतात, तेवढं लक्षात असू द्या.

जुनाखोड

अवांतर: हा आजार जुना आहे. १९८७ ची ब्युइक जीएनएक्स आठवते का? ३.८ लिटर व्ही६ टर्बो आणि चार गिअरचा ऑटोमॅटिक. कागदावर २७६ हॉर्सपॉवर, एकूण ५४७ गाड्या बनल्या. तीही ब्रेकवर धरून बूस्ट चढवूनच सोडायचे लोक. आणि कंपनीने नुसता टर्बो मोठा केला नव्हता, मागच्या अ‍ॅक्सलला वेगळा टॉर्क आर्मही (अ‍ॅक्सलला पिळू न देणारा दांडा) दिला होता. ताकद जमिनीपर्यंत पोचवायची अक्कल तेव्हाही लागायची.

फुलथ्रॉटल

बरं बाबा, हरलो. माझी ड्युअल क्लच (दोन क्लचचा ऑटोमॅटिक) आहे. तिलाही असंच ब्रेकवर धरायचं का?

तेलकट_हात

अजिबात नाही. तिथे कन्व्हर्टर नाही. तुमच्या हातचं धरणं म्हणजे क्लच घासणं. लाँच कंट्रोल असेल तर तेच वापरा. त्यात क्लच किती सरकू द्यायचा ते कॉम्प्युटर ठरवतो. तरी लागोपाठ दहा वेळा नको.

मागचीचाकं

तीन आठवड्यांनी परत आले.

मागे नवे टायर टाकले, दोन्ही एकाच आठवड्याचे. ट्रॅकवर पोचल्यावर थंड टायरमधली हवा मागच्या चाकांत ३६ वरून ३१ पीएसआय केली आणि निघताना आठवणीने परत भरली. ट्रॅक्शन कंट्रोल पूर्ण बंद न करता स्पोर्टवर ठेवलं, म्हणजे थोडं फिरू देतं पण लगेच गळा दाबत नाही. एसी बंद.

पहिला रन ५.३. उजवा पाय सवयीने तळाला गेलाच. दुसरा ५.०. तिसऱ्या वेळी मोठ्याने मोजत गेले, ‘एक, दोन, सोड’, आणि लिंबू पिळलं. पिवळा दिवा एकदाच लुकलुकला. ती दबण्याची भावना आलीच नाही, फक्त सीट पाठीला चिकटली. ४.८! ० ते ३० ला १.४, पुढे ३.४.

चौथा आणि पाचवा मात्र ५.० आणि ५.१. पाय तसाच, सुई तशीच. हे का?

सुईकाटा

लागोपाठ केलेत ना? इंटरकूलर (टर्बोची गरम हवा थंड करणारा रेडिएटर) तापला. इंजिनात जाणारी हवा ३५ अंशांवरून ६५ वर गेली तर तिची घनता ९ टक्क्यांनी घटते. वर नॉक (इंधन अवेळी पेटून बसणारा ठोका) टाळायला कॉम्प्युटर इग्निशन मागे घेतो, म्हणजे ठिणगी उशिरा पाडतो. दोन रनच्या मध्ये दहा मिनिटं गाडी हळू फिरवत ठेवा, वारा लागू द्या. गरम इंजिन घेऊन रांगेत उभं राहणं सगळ्यात वाईट.

कंपनीच्या ४.५ पर्यंतचे उरलेले ०.३ बहुतेक तिथेच आहेत. ४० लिटर पेट्रोल कमी ठेवलंत तर ३० किलो हलके व्हाल, तेही थोडं.

मागचीचाकं

येत्या रविवारी परत ट्रॅक मिळतोय. दहा मिनिटांचं अंतर ठेवून सहा रन करते. ४.६ दिसला की रीमॅपचा विषय मीच बंद करीन.

तेलकट_हात

थांबा. गाडी किती किलोमीटर झालीय? आणि गिअरबॉक्सचं तेल कधी बदललंय?

मागचीचाकं

९४ हजार. तेल बदललेलं नाही. आधीच्या मालकाने सांगितलं, ते आयुष्यभराचं असतं.

तेलकट_हात

आयुष्य कुणाचं, ते विचारलंत का त्याला? या बॉक्सचे बनवणारे झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किलोमीटर किंवा ८ वर्षं सांगतात, आणि तुम्ही ते वर दहा-दहा सेकंद तळलंय. करपट वास त्याचाच. रविवार रद्द करा. तेल आणि सोबत खालचा पॅन बदला, कारण फिल्टर त्या पॅनमध्येच असतो. काढलेलं तेल पांढऱ्या कागदावर एक थेंब टाकून फोटो इथे लावा. मग बोलू.