पुढच्या दाताचं इम्प्लांट: सिमेंट असेल तर हे विचाराच

डॉक्टरांनी पुढच्या दाताच्या इम्प्लांटला (हाडात बसवलेल्या कृत्रिम मुळाला) सिमेंटने बसवायची कॅप सांगितली, पण सगळे स्क्रूचीच घ्या म्हणतात, हा तुमचा प्रश्न. मी रोज हेच काम करते, म्हणून लिहिते.

डॉक्टर चूक नाहीत. वरच्या पुढच्या दातांचं हाड तिरकं असतं. इम्प्लांट त्या हाडाच्या कलाने बसवलं की कॅप आवळायच्या स्क्रूचं भोक बऱ्याचदा दाताच्या दर्शनी बाजूला येतं. हसताना ते कसं दिसेल? हल्ली हे भोक साधारण २५ अंशांपर्यंत वळवता येतं, पण ही सोय प्रत्येक कंपनीच्या इम्प्लांटला नसते.

खरी भीती सिमेंटच्या उरलेल्या कणांची. नैसर्गिक दाताभोवती हिरडी घट्ट धरून असते, इम्प्लांटभोवती तशी नसते. जादा सिमेंट सहज खाली सरकतं आणि महिन्यांनी, कधी वर्षांनी, सूज, रक्त, पू सुरू होतो. २००९ मध्ये विल्सन या संशोधकांनी एंडोस्कोपने, म्हणजे बारीक कॅमेऱ्याने पाहिलं, तेव्हा अशा आजारी इम्प्लांटपैकी ८१ टक्क्यांभोवती जादा सिमेंट सापडलं.

म्हणून विचारा: कॅपची कड हिरडीखाली किती जाणार? एक मिलिमीटरच्या आत हवी. सिमेंट एक्स-रेत दिसणारं आहे ना? मी सिमेंट भरलेली कॅप आधी अबटमेंटच्या (इम्प्लांटवरच्या, कॅप धरणाऱ्या खुंटाच्या) नकलेवर दाबते, बाहेर आलेलं सिमेंट पुसते आणि मगच तोंडात बसवते. आत उरतो तो पातळ थर पुरेसा असतो. अबटमेंटच्या स्क्रूवर टेफ्लॉनची पट्टीही भरा म्हणावं, पुढे कॅप काढायची वेळ आली तर स्क्रूचं डोकं शाबूत सापडतं.