आईबापांचा मान: चौथी आज्ञा की पाचवी?

प्रश्न: संडे स्कूलमध्ये (चर्चच्या रविवारच्या वर्गात) 10-12 वर्षांच्या मुलांना बायबलच्या दहा आज्ञांपैकी ‘आईबापांचा मान राख’ हा पाठ शिकवायचा आहे. क्रमांक कोणता सांगावा? आणि ‘मोठेपणीही सगळं ऐकायचंच का?’ याला काय उत्तर द्यावं?

उत्तर 1: कॅथलिक आणि लूथरन चौथी म्हणतात, बाकीचे बहुतेक प्रॉटेस्टंट पाचवी. वचन तेच, बायबलच्या निर्गम पुस्तकातलं 20:12, मोजणी वेगळी. वर्गात दोन्ही मंडळींची मुलं असतील तर क्रमांकापेक्षा वचन पाठ करून घ्या.

उत्तर 2: खरी गल्लत ‘मान’ आणि ‘आज्ञापालन’ एकच समजण्यात होते. निर्गमातल्या हिब्रू शब्दाच्या मुळाशी ‘वजन’ आहे, म्हणजे आईबापांना वजन देणं. इफिसकरांना लिहिलेल्या पत्रात (इफिस 6:1) प्रेषित पौल मुलांना ‘आज्ञेत राहा’ म्हणतो, पण ‘प्रभूमध्ये’ हा शब्द जोडून. चोरी करायला सांगणाऱ्या बापाचं ऐकणं त्यात बसत नाही. कॅथलिक धर्मशिक्षण (परिच्छेद 2217) तर स्पष्टच सांगतं: मूल स्वतंत्र झालं की आज्ञापालनाचं बंधन संपतं, आदराचं नाही.

उत्तर 3: मोठ्यांसाठी मार्कच्या शुभवर्तमानातलं 7:9-13 घ्या. ‘हे कुर्बान आहे’, म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून आईबापांचा खर्च टाळणाऱ्यांना येशूने धारेवर धरलं. तिथे मान म्हणजे रोख मदत! तीमथ्याला लिहिलेलं पहिलं पत्रही (1 तीमथ्य 5:4) तेच सांगतं.

आणि इफिस 6:4 गाळू नका. ‘मुलांना चिडीस आणू नका’ हे बापांना सांगितलंय. नेमकं तेच वचन बहुतेक वर्गांत राहून जातं.